डेझी आणि गोवऱ्या

डेझी हे फूल मी बघायच्या आधी ऐकलं. आयर्लंडमध्ये येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. पहिली नाइट ड्यूटी संपवून, केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले अशा अवतारात मी सकाळी वॉर्डच्या दारात उभी होते. आमचे मोठे डॉक्टर समोरून आले, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "फ्रेश ॲज अ डेझी!" मी अगदी मनापासून थँक यू म्हटलं. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला कुणी फुलाशी जोडलं की ती त्याला कौतुकच समजते. मागची नर्स तोंडावर हात ठेवून हसली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

खरं फूल दिसलं ते पुढच्या एप्रिलमध्ये, आणि दिसलं तेव्हा थोडी निराशाच झाली. शर्टाच्या बटणाएवढं फूल. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळा ठिपका, शेवंतीच्या घराण्यातलं पण वाढ खुंटलेलं. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. खेळाच्या मैदानात, रस्त्याकडेला, हॉस्पिटलच्या पार्किंगच्या कडेला, थडग्यांभोवती, जिथे गवत तिथे ते आहेच. मराठीत त्याला काय म्हणतात म्हणून शोधलं, तर कुठल्याशा शब्दकोशात 'गुलबहार' सापडलं. रविवारी फोनवर बाबांना विचारलं. बाबा पुण्यात एकटे राहतात. जन्मभर वीज मंडळात नोकरी केल्यामुळे असेल, पण कुठल्याही गोष्टीचा सोक्षमोक्ष लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ते म्हणाले, "हे नाव मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. गवतफूल म्हण आणि मोकळी हो."

पण मोकळी कशी होणार, ते फूल इथल्या लोकांच्या बोलण्यात पावलोपावली उगवलेलं. आजीबाईंना पलंगावरून उठवताना नर्स म्हणायची "ऊप्सी-डेझी". माझी मुलगी चालायला शिकत होती तेव्हा ती पडली की पाळणाघरातल्या बाई तेच म्हणायच्या, आणि मग मुलगी स्वतःच पडायच्या आधी ते म्हणायला लागली. माझा नवरा सॉफ्टवेअरवाला. त्याच्या ऑफिसात एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड, दुसऱ्यात तिसरा लावलेला सापडला की सेफ्टीवाला माणूस ओरडायचा, इथे कुणी डेझी चेन केली म्हणून. खरी डेझी चेन मला मुलीने शिकवली. देठाला नखाने चीर पाडायची, त्या चिरेतून दुसऱ्या फुलाचा देठ ओवायचा. ना सुई, ना दोरा. आपल्याकडे बोलण्यात फूल आलं की ते बहुतेक नाजूकपणासाठी येतं. इथे हे गवतातलं यःकश्चित फूल सकाळच्या टवटवीपासून विजेच्या तारांपर्यंत सगळीकडे हजर. ते मरणापर्यंत पोचतं हे मात्र मला शेजारच्या आजोबांमुळे कळलं.

किलकेनी शहराच्या कडेला आम्ही घर घेतलं ते जोडघर. मधली भिंत एक, दारं शेजारी-शेजारी, आणि समोरचं गवत दोन्ही घरांचं मिळून एकच, मध्ये कुंपण नाही. पलीकडे हे आजोबा एकटे राहायचे. जन्मभर गावोगावच्या गोठ्यांवरून दूध गोळा करणारा टँकर त्यांनी चालवला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा ऑस्ट्रेलियात, पर्थला. पहिल्या उन्हाळ्यात नवऱ्याने सेलमधून गवत कापायचं मशीन आणलं. आजोबांनी ते खोक्यातून निघताना पाहिलं आणि म्हणाले, "ते खेळणं परत खोक्यात ठेव." तेव्हापासून दोन्ही घरांपुढचं गवत तेच कापायचे. फक्त त्यांच्या खिडकीखाली परातीएवढा एक तुकडा सोडून द्यायचे. तिथल्या डेझी कापल्या तर बायको रागवायची, म्हणून. ती गेल्यावरही ते मशीन त्या तुकड्याला वळसा घालून न्यायचे. माझा नवरा इथल्या लोकांसारखं 'तो बुवा' या अर्थाने म्हणायचा, "युअर मॅन अजून बायकोला घाबरतो." मी म्हणायची, घे काहीतरी शिकून.

शाळेत छडी खाऊन पाठ केलेल्या कविता त्यांना अजून येत. मुलीला शाळेतून वसंतातल्या एका फुलावर कविता लिहून आणायला सांगितली, तेव्हा ही त्यांच्या पायरीवर जाऊन बसली. त्यांनी डेझीवरच्या चार-पाच कविता धडाधड म्हणून दाखवल्या. त्यांत डेझी म्हणजे कधी तारा, कधी लाजरी मुलगी, कधी गरिबाचं सोनं. मुलगी म्हणाली, या सगळ्या फार जुन्या आहेत. मग तिने स्वतःची लिहिली. त्यातलं मला आवडलेलं एवढंच, की डेझी माझ्याआधी उठते पण तिला शाळेची बस पकडायची नसते. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी मराठी सगळं समजते, पण उत्तर कायम इंग्रजीत देते, तेही इथल्या हेलात. त्यामुळे त्या दोघांचं आमच्यापेक्षा चांगलं जमायचं.

गेल्या वर्षीच्या वसंतात एकदा गवत कापता कापता ते थांबले. मशीनच्या दांड्यावर दोन्ही हात टेकून धापा टाकत उभे राहिले. मी गाडीतून सामान काढत होते. मला बघून हसले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी तुम्हालाच कापावं लागेल, डॉक्टर. मी असेन पुशिंग अप द डेझीज."

मला कळलं नाही. त्यांनी मशीन सोडलं, जमिनीकडे बोट दाखवलं आणि दोन्ही तळवे खालून वर ढकलल्यासारखे केले. म्हणजे माणूस मातीखाली, आणि तो खालून फुलं वर ढकलतोय. करून दाखवताना त्यांना स्वतःलाच मजा वाटत होती, आणि पायरीवर बसलेली माझी मुलगीही हसत होती.

आणि मी चिडले. "असलं काहीतरी बोलू नका," म्हटलं. "तुम्ही अगदी ग्रँड आहात, ठणठणीत. शंभर वर्षं जगाल." ते जरा बघत राहिले, मग मशीन सुरू केलं.

माझ्या तोंडून जे निघालं ते इंग्रजी होतं एवढंच, बाकी अस्सल आमच्या घरचं होतं. आमच्याकडे कुणी मरणाचं नाव काढलं की जवळ असेल तो पहिला माणूस ते वाक्य हवेतच पकडतो आणि मोडून टाकतो. काहीतरीच काय बोलता! अभद्र बोलू नका! वास्तू कधी तथास्तु म्हणेल याचा नेम नाही, असं आई म्हणायची, आणि मी डॉक्टर झाल्यावरही म्हणायची. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. माणूस मेला असंही म्हणायचं नाही. तो गेला, वारला, हल्ली तर 'ऑफ झाला'. बाबा दर दोन-तीन रविवारी फोनवर म्हणायचे, "माझ्या गोवऱ्या आता मसणात गेल्या, बरं का. तेव्हा एक सांगून ठेवतो..." की मी लगेच, "बाबा, झालं का तुमचं सुरू? गोळ्या घेतल्या का?" बाबांचं ते 'एक' काय होतं, ते कधी ऐकूनच घेतलं नाही. त्या दिवशी सामान फ्रीजमध्ये लावताना मला वाटून गेलं की ते पुरतात म्हणून त्यांच्या बोलण्यात डेझी, आम्ही जाळतो म्हणून आमच्या बोलण्यात गोवऱ्या. मला ते फार चतुर वाटलं. मी ते नवऱ्याला ऐकवलंसुद्धा.

आता माझं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट समजणार नाही. मी म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर आहे. माझ्या वॉर्डातल्या बऱ्याच लोकांच्या हातात फार दिवस उरलेले नसतात, आणि ते त्यांना सांगणं, त्यांच्या मनातलं त्यांच्याकडून काढून घेणं, हेच माझं काम. ते मला चांगलं येतं. ज्युनिअर डॉक्टरांना ते मी शिकवते. उभं राहून बोलायचं नाही, खुर्ची ओढून बसायचं. फोन बंद. प्रश्न विचारला की गप्प बसायचं, ती शांतता आपण भरून काढायची नाही. आणि पेशंट विनोद करून मरणाबद्दल बोलला तर हसून पुढे जायचं नाही, थांबायचं आणि विचारायचं की तुम्हाला त्याची काळजी वाटते का. हे सगळं मी फळ्यावर लिहून शिकवते. एरवीही मी फटकळ म्हणूनच प्रसिद्ध आहे. सासरी मला घाबरतात.

उन्हाळ्यात आजोबांनी बूट सोडून सपाता घालायला सुरुवात केली. मोज्यांच्या वर घोटे सुजलेले दिसायचे. बोट दाबलं असतं तर खड्डा पडला असता, पण मी दाबलं नाही. ते आता पलंगावर झोपत नव्हते, पुढच्या खोलीत खुर्चीतच झोपायचे. आडवं झालं की दम लागतो, असं त्यांनीच मुलीला सांगितलं होतं. त्यांच्या हृदयावरचे उपचार दुसरीकडे चालू होते. ते माझे पेशंट नव्हते. हे वाक्य मी नंतर स्वतःला किती वेळा म्हणून दाखवलं! पण हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तसे पाय दिसले असते तर मी चालता चालता सांगितलं असतं, या माणसाच्या मुलांना बोलावून घ्या.

ऑगस्टमध्ये एका दुपारी चांगलं ऊन पडलं होतं. आजोबा स्वयंपाकघरातली खुर्ची बाहेर आणून चहा घेत बसले होते. मी कपडे वाळत घालून पुढे आले. ते म्हणाले, "डॉक्टर, एक विचारू?" मी म्हटलं, विचारा की.

"मुलाचा काल फोन होता. तो ख्रिसमसला येतोय, तिकिटं काढून झालीत. आता म्हणतो, सप्टेंबरमध्ये येऊ का? त्याला जमण्यासारखं आहे. पण आत्ता आला तर ख्रिसमसला सुट्टी मिळणार नाही. दोन्ही नाही जमायचं." त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही काय म्हणता? ख्रिसमसपर्यंत मी पुशिंग अप द डेझीज तर नसेन ना?"

तोंडावर हसू होतं, डोळ्यांत नव्हतं. बोलून ते गप्प राहिले. मी शिकवते तसे, शांतता मोडू न देता. रस्त्यावरून एक गाडी गेली, तरी ते माझ्याकडेच बघत होते.

मला प्रश्न समजला नाही असं म्हणायची सोय नाही. पूर्ण समजला. उत्तरही माहीत होतं. आणि हा प्रश्न मला नवाही नव्हता. चार वर्षांपूर्वी आई आजारी होती तेव्हा तिने मला फोनवर विचारलं होतं, "तू मेमध्ये येणार होतीस, आत्ता येतेस का?" तेव्हा मी म्हटलं होतं, अगं तू ठणठणीत होशील मेपर्यंत. एप्रिलमध्ये ती गेली. मी पोचले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. माझ्यासाठी तिला तोवर हॉस्पिटलच्या शवागारात ठेवलं होतं. एवढं होऊनही त्या उन्हात मी आजोबांना म्हटलं, "छे हो! काहीतरीच काय! तुम्ही ग्रँड असाल. ख्रिसमसला येऊ दे त्याला, ख्रिसमसला किती मजा येईल!"

"नक्की?" ते म्हणाले.

"नक्की," मी म्हटलं.

"मग झालं. डॉक्टर म्हणतात म्हणजे झालं." ते उठून कप घेऊन आत गेले. उठताना त्यांना दरवाज्याची चौकट धरावी लागली, तेही मी पाहिलं. संध्याकाळी मी कमी तुपाचा शिरा करून स्टीलच्या डब्यातून त्यांना नेऊन दिला. मला वाटलं, आपण त्यांना धीर दिला. खरं सांगायचं तर मला स्वतःबद्दल बरंच वाटत होतं.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी, त्यांच्याकडे रोज घरकामाला येणाऱ्या मदतनीस बाई आल्या तेव्हा ते खुर्चीत होते. चहा करून त्या पुढच्या खोलीत गेल्या आणि बाहेर येऊन आमची बेल दाबली. मी गेले, मनगट धरलं, खाली ठेवलं. करण्यासारखं काही नव्हतं.

इथे अंत्यविधीला घाई नसते. दूरच्या माणसाची वाट बघतात. मुलगा दोन दिवसांनी पोचला. आजोबांना घरीच, त्यांच्या पुढच्या खोलीत, कोट-टाय घालून शवपेटीत ठेवलं होतं. अख्खी आळी आली. दारात मुलाचा हात हातात घ्यायचा आणि "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणायचं, ही इथली रीत. कुणी नवं काही बोलायला जात नाही. मग आत चहा आणि सँडविच, आणि शवपेटीच्या शेजारी बसून गेलेल्या माणसाचे किस्से, खदाखदा हसत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हे भयंकर वाटलं होतं. त्या दिवशी मी हात हातात घेऊन ते वाक्य म्हटलं आणि मुलाच्या मागे पाहिलं. दाराजवळ त्याची बॅग होती, विमानतळावरची पट्टी अजून तिला लटकत होती. माझ्या हातात कुणीतरी सँडविच दिलं. मी ते कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं.

दुःख नंतर झालं. आधी लाज वाटली. अंगाला चिकटून बसणारी. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू थोडीच त्यांची डॉक्टर होतीस? शेजारीण म्हणून बोललीस. कुणीही तेच म्हणालं असतं." त्याने हे प्रेमाने म्हटलं, पण मला त्याचा राग आला. कुणीही म्हणालं असतं हे खरंच होतं, पण त्यांनी कुणालाही विचारलं नव्हतं.

अंत्यविधीनंतर दोन-तीन दिवसांनी मुलाने आमची बेल दाबली. हातात माझा स्टीलचा डबा, घासून लख्ख केलेला. म्हणाला, "हा तुमचाच ना? आमच्याकडच्या कुठल्याच प्रेसमधला वाटला नाही." इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मी त्याला आत बोलावलं, तर तो दारातच उभा राहिला. परतीचं विमान होतं. "तुमचे आभार मानायचे होते," तो म्हणाला. "डॅड दर फोनला सांगायचे, शेजारची डॉक्टर म्हणते मी ग्रँड आहे. त्यांना तुमचा फार आधार होता. तुम्ही म्हणालात म्हणून ते अगदी निर्धास्त होते."

मी डबा दोन्ही हातांनी धरला. म्हटलं, आता बोलायचं. "ऐका," मी म्हटलं, "त्यांनी मला विचारलं होतं. तुम्ही सप्टेंबरमध्ये यावं का, म्हणून. मी त्यांचे पाय पाहिले होते. मी त्यांना..."

"अहो, नाही नाही, असं काही मनात आणू नका," तो घाईघाईने म्हणाला. माझ्या दंडावर थोपटलं. "तुम्ही फार चांगल्या वागलात त्यांच्याशी. खूप चांगल्या." त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला पुढचं ऐकायचं नव्हतं. एवढं सगळं वाक्य मी जुळवून आणलं होतं, ते त्याने प्रेमाने माझ्या तोंडात परत कोंबलं. तो गेल्यावर मी दार लावून तिथेच पायपुसण्यावर उभी राहिले. वाक्य असं परत गिळावं लागलं की कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. आजोबांना दोनदा कळलं होतं. बाबांना तर किती वेळा, कोण जाणे.

असं असूनही लगेच काही माझ्यात सुधारणा झाली नाही. लाज वाटणं आणि सुधारणं यांत बरंच अंतर असतं. दिवाळीत फोनवर बाबा म्हणाले, "पुढच्या दिवाळीला असलो तर," आणि मी सवयीने, "बाबा, सणासुदीचं काहीतरी बोलू नका" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर फराळाचं ताट तसंच पुढे होतं. चकली उचलून परत ठेवली.

शेजारच्या घरावर विक्रीची पाटी लागली. गवत आता मी कापते, आमचंही आणि त्यांचंही, त्यांच्याच मशीनने. मुलाने जाताना ते आमच्या शेडमध्ये आणून ठेवलं होतं. खिडकीखालच्या तुकड्याला मीही वळसा घालते. नवरा आता त्यावर काही बोलत नाही.

या एप्रिलमध्ये एका रविवारी मुलगी म्हणाली, आजोबांकडे जाऊ या. त्यांना बायकोच्या शेजारी पुरलंय, गावाबाहेरच्या जुन्या दफनभूमीत. दगडावर नवीन अक्षरं कोरलेली, जुन्या अक्षरांपेक्षा पांढरी. माती बसली होती आणि तिच्यावर गवत धरलं होतं. त्या गवतात डेझी होत्या. कुणी लावलेल्या नाहीत, आपल्या आपण आलेल्या. फार नव्हत्या, पण होत्या.

मुलगी उकिडवी बसली. एका फुलाला बोट लावून बघितलं आणि मग वर माझ्याकडे बघून, चेहरा उजळून म्हणाली, "लुक, आई! ही'ज डुइंग इट. ही'ज पुशिंग देम अप!"

माझ्या ओठांवर शब्द आले होते, काहीतरीच काय बोलतेस. अगदी जिभेच्या टोकावर. तिच्या आवाजात काहीच अभद्र नव्हतं. आजोबांनी सांगितलेलं काम आजोबा करत होते, आणि ते चांगलं चाललंय याचा तिला आनंद झाला होता. मी म्हटलं, "हो गं. खरंच." आणि तिच्या शेजारी गवतात बसून रडले. तिने माझ्या पाठीवर हात फिरवला आणि दुसऱ्या हाताने चेन करायला घेतली. तिथली फुलं तोडली नाहीत तिने, वाटेवरची घेतली.

घरी आल्या आल्या मी बाबांना फोन लावला. त्यांच्याकडे संध्याकाळ झाली होती. नेहमीचं झालं, जेवलीस का, काय भाजी केलीस. मग मी म्हटलं, "बाबा, तुम्ही नेहमी म्हणता ना, एक सांगून ठेवतो. ते काय?"

"कुठलं गं?"

"गोवऱ्या मसणात गेल्या म्हणता, आणि मग म्हणता एक सांगून ठेवतो."

"काही नाही, असंच आपलं," बाबा म्हणाले. "तिकडे थंडी कमी झाली का?"

"बाबा, सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

"तुझी तब्येत बरी आहे ना?" त्यांना खरंच काळजी वाटली. "जावईबापू आहेत का तिथे? काही झालंय का?"

"काही झालेलं नाही. तुम्ही बोला."

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मी खिडकीशी उभी होते आणि बाहेर बघत राहिले. काही म्हणून बोलले नाही.

"तुझ्या आईला तुझ्यासाठी ठेवली होती," बाबा म्हणाले. "मध्ये मी एकदा बघायला गेलो होतो. तुला सांगितलं नाही. त्या माणसाने कप्पा ओढला. मी तिच्या हाताला हात लावला. फार गार होती गं. जन्मभर स्वेटर घालून झोपणारी बाई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तर माझ्या वेळी मला तसं ठेवू नका. मी गेलो की खालचे शेजारी आहेत, तुझा चुलतभाऊ आहे, लगेच आटपून घेऊ देत. तू सावकाश ये. विमानात रडत, धावत येऊ नकोस. आणि तू पोचली नाहीस म्हणून मला काही वाटणार नाही. तुला पुढे मनाला लागून राहायला नको, म्हणून हे सांगून ठेवायचं होतं. तुझ्यासाठीच होतं ते, माझं काय जातंय."

'काहीतरीच' माझ्या तोंडात होतंच. कधीच जायचं नाही ते बहुतेक. मी ते दाताखाली धरून ठेवलं आणि म्हटलं, "बरं, बाबा."

"हो म्हणालीस ना?"

"हो म्हणाले. तसंच करू."

"मग झालं," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला ताण गेल्याचं इतक्या लांबून मला ऐकू आलं. "एवढं दोन मिनिटांचं तर बोलणं होतं गं. चार वर्षं लावलीस."